अप्पांची जोडसायकल

काल शेजाऱ्यांनी सायकलच्या साखळीला तेल घातलं आणि त्या वासानं अप्पांची जोडसायकल आठवली.

दृष्टी गेल्यावर माझे वडील, अप्पा, घराबाहेर पडेनासे झाले. मग काकांनी दोन सायकली जोडून दोघांनी मिळून चालवायची एक केली. पुढे मी, मागे अप्पा. सारं कुंभकोणम् वळून वळून बघत होतं.

जवळच्या विणकरांच्या दारासुरम गावात हातमागांचा खटखटाट ऐकू येताच अप्पा म्हणाले, "थांब. आज कोणता रंग विणतायत?"

मी खिडकीतून डोकावले. "जांभळा, अप्पा."

परतताना नदीकाठचा रिकामा रस्ता लागला. "आता मी पुढे बसतो," अप्पा म्हणाले. भीती वाटली, पण नाही म्हणवेना. मागून मी ओरडत होते, "डावीकडे! आता सरळ!" अप्पा मोठमोठ्यानं हसत होते.

मला त्यांची पाठच दिसत होती. तेव्हा त्यांचा चेहरा कसा दिसत असेल, हे कुतूहल अजून आहे.