पाणी उकळेपर्यंत बसा

दिनकरभाऊ गेल्याचं त्यांच्या मुलानं, सुधाकरनं, मला बाजारात येऊन सांगितलं. मी मेथीच्या जुड्या बांधत होते. "मावशी, बाबा गेले. जेवून आडवे झाले, उठलेच नाहीत." मी विचारलं, काय जेवले होते? म्हणाला, "वांग्याची भाजी. तुमच्याकडचीच." वांगी चांगली होती, एवढं मला ठाऊक होतं. याला आता महिना होऊन गेला. मी रडले नाही म्हणून बायका बोलल्या. माणूस भरपूर जगला आणि पोटभर जेवून झोपला... त्यात रडण्यासारखं काय आहे, मला कळत नाही.

रामदासपेठेत भाऊंचं औषधाचं दुकान होतं आणि रस्त्यापलीकडे माझी भाजीची पाटी. माझा धाकटा भाऊ शामराव गिरणीत होता. मशीनमध्ये पाय सापडला, दवाखान्यात दुखणं थांबवायला सुया दिल्या. दुखणं गेलं, सुई राहिली. औषध तो कुठून आणायचा ते मला कधी कळलं नाही. त्याच्यासारखे चार-पाच जण मालधक्क्यामागे बसत आणि एकच सुई धोतराला पुसून सगळे वापरत. त्यातल्या किसनचा हात सडला, कापावा लागला. आता शामरावच्या हाताची पाळी कधी येते, याच धास्तीत मी होते.

मग कोणीतरी सांगितलं, भाऊच त्याला सुया देतात. मी पाटी तशीच टाकून भांडायला गेले.

"भाऊ, माझा भाऊ मरून राहिला अन् तुम्ही त्याले सुया देऊन राहिले?"

भाऊंनी काउंटर पुसणं थांबवलं नाही. "औषध मी देत नाही, कौसाबाई. सुई उकळून देतो. मी नाही दिली तर तो काय घरी भजन करत बसणार हाये?"

"मंग सवय सोडवा त्याची."

"ते मले जमत नाही. हात वाचवणं जमते."

मी रागातच पाटीकडे परत आले.

त्यांची रीत अशी होती. दुकानामागच्या खोलीत स्टोव्ह, त्यावर अॅल्युमिनियमचा गंज, म्हणजे उभं पातेलं. जुनी सुई त्यात टाकायची, उकळलेली न्यायची. पण तयार सुई ते कोणालाच देत नसत. पाणी तुमच्यासमोर ठेवत आणि म्हणत, "पाणी उकळेपर्यंत बसा." भिंतीला एक लांब बाकडं होतं. तिथं चहा यायचा. तेवढ्यात भाऊ प्रत्येकाचा हात बघायचे, जखमेला मलम लावायचे, कोणाचे डोळे पिवळे दिसले तर स्वतः दवाखान्यात घेऊन जायचे. आमच्या वस्तीतल्या माणसाला 'शामराव, बसा' म्हणणारे दुकानदार तेव्हा थोडेच होते. शेजारचा एक जण म्हणाला, नशेबाजांचा अड्डा केला तुम्ही. भाऊ म्हणाले, "अड्डाच हाये. चहा घेता काय?"

त्या काळी गोळीवर लोकांचा विश्वास नव्हता. सुई टोचली तरच औषध दिल्यासारखं वाटे. मागच्या खोलीत माणसं सुईसाठी बसतात हे बघून वस्तीत बोलवा उठली की भाऊ ताकदीची सुई देतात. एक दिवस आमच्या गल्लीतली तुळसाबाई पिशवी माझ्याकडे ठेवून गेली ती परत येईना. बघायला गेले तर बाई बाकड्यावर मधोमध, बाही वर करून बसलेली.

"मले पण टोचा ना गा भाऊ, ताकदीची. सून म्हणते, बुढीच्यानं कामच होत नाही."

सगळे हसले. शामरावही हसला, आणि मग म्हणाला, "मावशी, ही ताकदीची नाही वं. ही ताकद नेणारी हाये."

"मंग काहून घेता?"

कोणीच हसेना. गंजातलं पाणी तेवढं वाजत होतं... भाऊंनी तुळसाबाईच्या हातात चहा दिला आणि शामरावला हळूच म्हणाले, "माझ्या वळखीचे एक डॉक्टर हायेत. थोडं थोडं कमी करून पाहता का?"

तो एकदम सुटला नाही. वर्षं गेली. मध्ये घसरला, महिनोन्महिने चांगला राहिला, परत घसरला. परत बाकड्यावर येऊन बसला तेव्हा भाऊंनी 'परत का आलात' असं विचारलं नाही. स्टोव्ह पेटवला. शेवटी एकदा तो नुसता चहा पिऊन घरी आला, आणि नंतर नुसता चहाच प्यायला जात राहिला.

आता प्लास्टिकच्या सुया आल्या. एकदा वापरायची, फेकायची. उकळायला काही राहिलं नाही. भाऊ गेल्यावर सुधाकरनं मागची खोली रिकामी केली आणि शामरावला विचारलं, बाबांची आठवण म्हणून काही पाहिजे का. फोटो मागेल असं मला वाटलं. त्यानं बाकडं मागितलं. खांद्यावर घेऊन, दोन्ही हातांनी धरून घरी आणलं.

ते आता आमच्या ओसरीत आहे. जागा फार अडवतं. संध्याकाळी मी चहा ठेवते तेव्हा शामराव त्यावर बसलेला असतो. मी घाईनं उतरवायला गेले की म्हणतो, "उकळू दे ना बाई. घाई काहून करून राहिली?"

मग मीही पदराला हात पुसून त्याच्या शेजारी बसते.