तेल पाजलेला पुरावा

नागरिकांनो, सावरून बसा. बडोदे शहराच्या गुन्हेगारीतला सर्वांत भयंकर पुरावा मी आज उघड करणार आहे: एक झोपाळा. पोलिसातून निवृत्त होऊन वर्षं झाली, पण वरातीत डीजे सुरू झाला की तो मला आठवतोच.

त्या वर्षी नाचाच्या एका गाण्याने शहराला वेड लावलं होतं. लहरीपुऱ्याच्या दुकानांत तेच, पादरा गावच्या वरातींत तेच. धडधडत्या ठेक्यात एका बाईंचा गोड आवाज आणि मधूनमधून 'किर्र-टुक'. त्या 'टुक'वर सगळे टाळी देत. पुतणीच्या लग्नात मीही दिली होती.

एके दिवशी सत्तरीच्या एक निवृत्त शिक्षिका ठाण्यात आल्या. "साहेब, त्या गाण्यातला आवाज माझा आहे. अंगाई माझ्या आईने रचलेली. पुण्याची बहीण म्हणते, 'ताई, आईची अंगाई नाचायला विकलीस!' चार महिने माझा फोन घेत नाही."

"भरपाई हवी का, बाई?"

"आईचं नाव हवंय. आणि बहीण."

दोन वर्षांपूर्वी 'जुनी गाणी जमवतो' म्हणत एक तरुण घरी येऊन आवाज भरून गेला होता. तेव्हा मोतीबिंदू असल्याने बाईंना चेहरा दिसला नव्हता.

लहरीपुऱ्यातल्या एका कॅसेटवाल्याने खबर दिली की हे गाणं गोरवा भागात एका शेडमागच्या खोलीत तयार झालं. गाणं करणाऱ्याला आणला. पोरगा भलताच नम्र.

"ए तो सॅम्पल छे, साहेब. तैयार डिस्कमांथी लीधुं. बाना घरमां में पग पण नथी मूक्यो!"

सॅम्पल म्हणजे दुसऱ्याच्या आवाजाचा तुकडा कापून आपल्या गाण्याला शिवायचा. तीन तास विचारपूस केली, पण 'तयार डिस्कवरून घेतलं, बाईंच्या घरात पाऊलही टाकलं नाही' यावरून गडी हलेना. दरडावणारा आरोपी लवकर फुटतो. नम्र माणूस घाम काढतो.

मग जबाब घ्यायला बाईंच्या घरी गेलो. त्या झोपाळ्यावर बसून अंगाई म्हणू लागल्या आणि वर कड्या बोलल्या: किर्र-टुक. वर्दीतल्या माझ्या पायाने आपोआप ठेका धरला. गाण्यातली ती टाळीची जागा म्हणजे हा झोपाळा!

दुसऱ्या दिवशी पंचनामा ठरला. दोन पंच, टेपरेकॉर्डर, आरोपी, सगळा थाट करून मी पोचलो. व्यवस्थेला आधी पाठवलेला आमचा जमादार दारातच हसत उभा. "साहेब, बानो हींचको बहु किचूड-किचूड करतो हतो. तेल पूरी दीधुं!"

मी झोका दिला. झोपाळा मुका. माझा पुरावा जमादाराने भक्तिभावाने तेल पाजून मारला होता.

बाईंना यातलं काही कळलं नाही. खुर्च्या पंचांनी अडवल्या होत्या, म्हणून त्या आरोपीला म्हणाल्या, "बस रे बाळा झोपाळ्यावर, चहा टाकते." तो बसला. पायाने झोका घेतला. एकदा, दोनदा. मग मान वर करून कड्यांकडे पाहिलं आणि सगळ्यांसमक्ष एक वाक्य बोलला. पुढच्या क्षणी त्याने स्वतःच जीभ चावली. चहा येईपर्यंत सगळं कबूल.

नव्या सीडीवर बाईंचं आणि त्यांच्या आईचं नाव छापलं गेलं. बहीण पुण्याहून आली आणि दोघी त्याच झोपाळ्यावर बसून 'आईची लाडकी कोण' यावर भांडल्या. मी मात्र एक धडा शिकलो: पुरावा हरवला तर पोलिसाने रडू नये, ज्याने तो एकदा पाहिलाय, त्यालाच त्याची आधी आठवण होते.

ते वाक्य पंचनाम्यात जसंच्या तसं आहे ('केम' म्हणजे 'का'):

"अरे बा, आ हींचको बोलतो केम बंध थई गयो?"