निशाणी तेवीस: एक लग्नपत्रिका

‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.’ अकोल्याला पाठवलेले वॉरंट हे वाक्य घेऊन तिसऱ्यांदा अमरावतीच्या कोर्टात परत आले. पहिल्या दोन वेळीही वाक्य हेच होते. या वेळी खाली एक ओळ वाढली होती: ‘शेजारी विचारपूस करता अमरावती येथे राहावयास गेल्याचे समजते.’

सदर इसम म्हणजे प्रशांत. अकोल्यात जठारपेठेत त्याचे रेडीमेड कपड्यांचे दुकान. पोटगीचा अर्ज दाखल होताच दुकानाच्या पाटीवर भावाचे नाव आले आणि प्रशांत कागदोपत्री बेरोजगार झाला. त्याची पत्नी कल्पना माझी पक्षकार. चांदूर रेल्वेजवळ तिच्या भावाची झेंडूची शेती आहे. नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन ती त्याच्याकडे राहत होती. कोर्टाने मायलेकींना महिन्याला सहा हजार रुपये मंजूर केले. दोन महिने पैसे आले. मग थांबले.

पोटगीचा आदेश मिळणे आणि पोटगी मिळणे ही दोन वेगळी कामे आहेत. थकलेल्या रकमेसाठी वेगळा वसुली अर्ज करावा लागतो, आणि रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या बैठका संपून कल्पना पुन्हा माझ्याकडे आली तेव्हा अकरा महिने थकले होते. अर्ज वेळेत बसला, पण काठावर.

पोलीस प्रामाणिकपणे शोधत होते. पहिल्या वॉरंटवर घराचा पत्ता होता. ते दुपारी घरी गेले. दुपारी प्रशांत दुकानात असतो. दुसऱ्या वेळी आम्ही दुकानाचा पत्ता दिला. तिथे प्रशांतच्या भावाने पाटी दाखवली. गल्ल्यावर बसलेला माणूस कोण, हे वॉरंटवर लिहिलेले नव्हते आणि पोलिसांनी त्याला कधी पाहिलेले नव्हते. कोणाचीच चूक नव्हती.

“मॅडम, तो तिथंच हाये,” कल्पना म्हणाली. “पोरीच्या अकोल्यातल्या जुन्या शाळेतल्या बाया त्याच्याकडून ड्रेस आणून राहिल्या. पोलिसाईलेच कावून दिसत नाई?”

“दिसतो. ओळखू येत नाही.”

“मले अमरावतीत खोली घ्यायची हाये. पोरीची ॲडमिशन पाचवीत हाये. दादा काई बोलत नाई, पण वहिनी आता भांडे जोरानं ठेवते.”

दरम्यान प्रशांतच्या वकिलांनी ‘से’ दाखल केला. अर्जाला दिलेल्या लेखी उत्तराला आमच्याकडे ‘से’ म्हणतात. त्यात प्रशांतने शपथेवर सांगितले होते की तो जन्मापासून अकोल्याचा कायम रहिवासी आहे, सबब अमरावतीच्या कोर्टाला त्याच्याकडून वसुली करण्याचा अधिकार नाही. म्हणजे अमरावतीत विचारले तर तो अकोल्याला राहत होता. अकोल्यात विचारले तर अमरावतीला. दोन शहरांत सुमारे शंभर किलोमीटर अंतर आहे.

हा विनोद महाग पडण्यासारखा होता. आक्षेप मान्य झाला असता तर अकोल्यात नव्याने अर्ज करावा लागला असता. तोवर जुने महिने वर्षाच्या बाहेर गेले असते. पहिला महिना गेला, मग दुसरा. प्रशांतला जिंकायची गरज नव्हती. कॅलेंडर त्याच्या बाजूने होते.

कँटीनमध्ये मी त्याच्या वकिलांना विचारले, “तुमचा पक्षकार नेमका आहे कुठे?”

“मॅडम, मला इन्स्ट्रक्शन क्लिअर आहेत. कुठे राहतो विचारलं तर अकोला. कुठे सापडेल विचारलं तर नो इन्स्ट्रक्शन.” त्यांनी माझ्याही चहाचे पैसे दिले.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी तिन्ही अहवाल आणि ‘से’ शेजारी ठेवून वाचले. मग माझ्याकडे बघितले.

“मॅडम, माणूस जिथे असेल तिथे आदेश बजावता येतो, असं कायदा सांगतो. आदेश देणाऱ्या कोर्टालाही वसुली करता येते. त्यामुळे आक्षेपाचं मी बघतो. पण तो कुठे आहे हे कायदा सांगत नाही. ठिकाण द्या. वेळ द्या. चौथं वॉरंट फिरायला पाठवणार नाही.”

ठिकाण आणि वेळ दहा दिवसांनी आली, सोनेरी अक्षरांत छापून.

प्रशांतच्या मोठ्या बहिणीला तीन मुली. दुसरीचे लग्न अकोल्यात ठरले होते. आमच्या भागात पत्रिका कोणाला द्यायच्या हे आहेराच्या वहीवरून ठरते. मागच्या लग्नात कोणी काय दिले, ते त्या वहीत असते. ज्याचा आहेर घेतला, त्याला पत्रिका द्यावीच लागते. पहिल्या मुलीच्या लग्नात कल्पनाच्या भावाने मिक्सर दिला होता. वहीत मिक्सर होता. पोटगीचा खटला वहीत नव्हता. पत्रिका चांदूर रेल्वेला रीतसर कुरिअरने आली.

कल्पनाने ती माझ्या टेबलावर ठेवली. मुहूर्त दुपारी बारा पस्तीस. मंगल कार्यालयाचे नाव, पत्ता, मागे नकाशा. आणि ‘वधूचे मामा’ या शीर्षकाखाली प्रशांतचे पूर्ण नाव, राहणार जठारपेठ, अकोला, दुकानाच्या नावासकट.

“पोलिसाईले नाई सापडला,” कल्पना म्हणाली, “पण पत्रिकेतून नाव सुटू देईन का तो?”

पत्रिका दाखल झाली. कोर्टात दाखल झालेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक मिळतो, त्याला निशाणी म्हणतात. ही निशाणी तेवीस. न्यायाधीशांनी ती गणपतीपासून आशीर्वादापर्यंत वाचली.

“बारा पस्तीस म्हणजे किती?”

“दीड, सर,” प्रशांतचे वकील चटकन म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आले की आपण कोणाच्या बाजूने बोललो.

आक्षेप त्याच दिवशी फेटाळला गेला. अकोल्यासाठी चौथे वॉरंट निघाले. रक्कम भरा, नाहीतर कोर्टात चला, असा त्याचा अर्थ. सोबत पत्रिकेची प्रत होती.

लग्नाला मी गेले नाही. वकिलाने तिथे जायचे नसते. पुढचा तपशील हवालदारांच्या अहवालातला आणि कल्पनाच्या भावाने सांगितलेला आहे. भाऊ पत्रिका घेऊन, डिनर सेट घेऊन, रीतसर पाहुणा म्हणून गेला होता. माणूस ओळखून दाखवायचे काम त्याच्याकडे होते. ते करावे लागले नाही. एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी गुरुजींनी माईकवर पुकारले, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.” फेटा बांधलेला प्रशांत सहाशे लोकांसमोर भाचीचा हात धरून स्टेजवर आला.

साध्या कपड्यातले हवालदार तीन वेळा रिकाम्या हाताने परतलेले होते. तरी ते थांबले. अक्षता पडल्या, हार झाले, मगच ते पुढे गेले.

“प्रशांतभाऊ, जरा बाजूले या.”

“मी इथं राहत नाई, साहेब.”

हवालदारांनी पत्रिका काढली. “मंग हे काय छापलं?”

“ते ताईनं छापलं.”

ताई शेजारीच उभी होती. “मी काय खोटं छापलं का रे? पाहुणे पाहून राहिले. तुह्या बायकोचे पैसे दे अन् पंगतीत वाढाले चाल!”

नवरदेवाच्या बाजूची माणसे जवळ येऊ लागली, तसा प्रशांतचा भाऊ फोन काढून पुढे आला. मग दोन मित्र. बेरोजगार माणसाने चाळीस मिनिटांत सहासष्ट हजार रुपये उभे करून कल्पनाच्या खात्यावर टाकले. हवालदारांनी पावती पाहिली, पंचांच्या सह्या घेतल्या. जेवण्याचा आग्रह त्यांनी नाकारला, असे अहवालात आहे. कल्पनाच्या भावाचे म्हणणे वेगळे आहे.

अर्जानंतर थकलेले महिने प्रशांतने पुढच्या तारखेला स्वतः येऊन भरले. कल्पनाने अमरावतीत खोली घेतली. मुलगी पाचवीत गेली. पोटगी आता महिन्याच्या दहा तारखेपर्यंत येते. कधी बारा होते.

यातून मी एक गोष्ट शिकले. वसुलीचा पक्षकार आला की आदेशाची प्रत आणि नवऱ्याचा पत्ता मी पूर्वीही मागत असे. आता आणखी एक प्रश्न विचारते: नवऱ्याच्या बहिणींना लग्नाच्या मुली किती?

कल्पनाला ते विचारावे लागले नाही. शेवटच्या तारखेला फाईल बंद करताना तिने आपणहून सांगितले.

“दादाचा डिनर सेट लिहिला मॅडम त्याईनं वहीत. अन् धाकटी आता फर्स्ट इयरले हाये.”