पोट माझं, उत्तरं त्यांची

गेल्या वर्षी आम्हा नवरा-बायकोची पित्ताशयं काढली, तीन महिन्यांच्या अंतराने, बालीगंजच्या एकाच नर्सिंग होममध्ये. पन्नास वर्षं एकाच कढईतलं खाल्लं, खडेही दोघांना झाले. फरक पडला तो त्यानंतर.

पहिली मी. डोळे उघडले तेव्हा घसा सोलल्यासारखा झाला होता आणि पोटात ढवळत होतं. "मासीमा इतक्यात उठल्या?" असं एक नर्स दुसरीला बंगालीत म्हणाली. मासीमा म्हणजे मावशी, मीच ती. मला सगळं कळत होतं. मी ओकायला भांडं मागितलं, पण मागितलं मराठीत. चाळीस वर्षं मी इथल्या बाजारात बंगालीत घासाघीस करून मासे घेते, पण त्या घडीला तोंडातून आईचीच भाषा आली. नर्सला वाटलं, मी भुलीत बडबडते आहे. "झोपा मासीमा, झोपा," म्हणत तिने माझा खांदा दाबून मला आडवं केलं. मी माझ्याच गळ्यावर ओकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोटात पाणी ठरलं नाही. टाके ठणकत होते ते वेगळंच. डॉक्टर आले ते खाटेपाशी थांबले नाहीत, थेट 'पेशंट पार्टी'शी बोलले. इथे रुग्णाच्या माणसांना असंच म्हणतात. पार्टी म्हणजे आमचे हे, बँकेतून निवृत्त झालेले.

"लेडीजना जरा जास्तच जाणवतं," डॉक्टर म्हणाले.

"ही आधीपासूनच घाबरट," यांनी मान डोलावली.

मी घाबरट! दोन्ही बाळंतपणात माझा आवाज शेजारी गेला नव्हता, आणि हे इंजेक्शन घेताना भिंतीकडे तोंड करतात. पण भांडायला अंगात बळ नव्हतं. घरी जाताना हातात कागद दिला, त्यात उलट्यांबद्दल एक अक्षर नव्हतं.

मग यांची पाळी. हे लवकर उठेचनात. नर्स दोनदा बाहेर येऊन मला धीर देऊन गेली, डॉक्टर स्वतः जाऊन बघून आले. उठले आणि चहा मागितला. संध्याकाळी टोस्ट खाल्ला. आमच्या दमदमच्या घरी भेटायला आलेली मंडळी म्हणाली, "काकांची सहनशक्ती बघा!" कसली सहनशक्ती? माणूस झोपला होता.

या वर्षी माझ्या जुन्या टाक्यांपाशी हर्निया निघाला. पुन्हा तेच नर्सिंग होम, पुन्हा पूर्ण भूल. ऑपरेशनला मी भीत नव्हते. पुन्हा तसंच दाबून धरतील आणि मी ओकत पडेन, हे मला नको होतं. भूल देणारे डॉक्टर आदल्या दिवशी तपासायला आले. बसले माझ्यासमोर आणि हिंदीत विचारलं यांना, "मागच्या वेळी काही त्रास?"

"नाही, सगळं ठीक होतं," हे म्हणाले.

"अहो, पोट कोणाचं?" मी म्हटलं. मग हिंदीत डॉक्टरांना सगळं सांगितलं, गळ्यावर ओकले तेही.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "होतं असं. बायका बहुतेकदा पुरुषांपेक्षा लवकर शुद्धीवर येतात. उलट्याही त्यांना जास्त होतात, दुखतंही जास्त. आधीच औषध देता येतं."

"तुम्हाला हे माहीत असतं?"

"असतं ना."

"मग मागच्या वेळी मला का दिलं नाही?"

त्यांनी फाइल चाळली. "यात त्रासाचं काही लिहिलेलं नाही."

"लिहिणार कसं? मला विचारलं कोणी? आता लिहा. लिहिल्याशिवाय मी संमतीच्या कागदावर सही करणार नाही."

"अगं, डॉक्टर आहेत ते," हे पुटपुटले.

"म्हणूनच सांगते आहे."

त्यांनी दोन ओळी लिहिल्या. मी चौथीपर्यंत शिकलेली, इंग्रजी मला येत नाही. यांना म्हटलं, मोठ्याने वाचा आणि मराठीत सांगा. यांनी वाचलं: मागच्या वेळी लवकर जाग, खूप उलट्या, आधी औषध द्यावं. मग मी सही केली.

या वेळीही लवकरच उठले. थोडं मळमळलं, उलटी झाली नाही. एवढंच करायचं होतं, आणि ते पहिल्यांदाही करता आलं असतं.

पलीकडच्या खाटेवर एक बाई ओकत होती. मागच्या वर्षीचेच डॉक्टर दाराशी उभे राहून तिच्या मुलाला सांगत होते, "लेडीजना जरा जास्तच जाणवतं."

मी पडल्या पडल्या, या वेळी बंगालीत, ओरडले, "तिला विचारा!"