लालीखालची हिरवी माती

मास्तरांच्या कारखान्यात तोंडं फक्त मास्तरच काढायचे. कारखाना कसला, रस्त्याच्या कडेची लांबट खोली, तिला दोन उंच खिडक्या, आणि मधलं दार उघडलं की थेट राहतं घर. पाच-सहाशे वर्षांपूर्वीची चर्चमधली चित्रं तिथं लाकडी फळीवर हातानं जशीच्या तशी उतरायची. मांडीवर बाळ घेतलेली मेरी, क्रुसावरचा येशू, दाढीवाल्या संतांच्या रांगा. अस्सल चित्रं दूरदेशी. इथं भिंतीवर त्यांचे मोठाले फोटो लावलेले.

मास्तरांचा धाकटा भाऊ फळ्या घासायचा आणि सोनं चढवायचा. सोन्याचा वर्ख नुसत्या श्वासानं उडतो. तो याच्या भुवयांना कायम चिकटलेला, म्हणून गल्लीनं त्याचं नाव वर्ख्या पाडलं होतं. मास्तरांची बायको कपडे रंगवायची. सगळा जन्म तिनं झग्यांच्या घड्या घातल्या. रंग कालवायला अंड्याचा पिवळा बलक लागतो; तो या तळव्यावरून त्या तळव्यावर घोळवत पांढरं गाळून टाकायचं कामही तिचंच. पांढरं मग स्वयंपाकघरात जायचं. वर्ख्या जेवताना कुरकुरायचा, “या घरात पिवळं देवाला आणि पांढरं आम्हाला!”

मग मास्तरांना दुखणं लागलं, आतून पोखरणारं. आधी हाताची पकड गेली, मग पाय गेले. खाट मधल्या दारात आणून टाकली, म्हणजे पडल्या पडल्या फळी दिसावी. आणि पन्नाशी उलटलेली त्यांची बायको नव्यानं तोंडं काढायला शिकली.

“आधी हिरवी माती,” मास्तर खाटेवरून सांगायचे. “सगळं तोंड हिरवं करून टाक. घाबरू नकोस. मग त्यावर लाली, पातळ पातळ. हिरवं खालून डोकावलं पाहिजे, तरच कातडी जिवंत वाटते. अगं, हे काय केलंस? संत आहे की टोमॅटो?”

“तुम्ही गप पडा. बोलून दम लागतो.”

“गप पडायला पुढं मुबलक वेळ आहे.”

ती ब्रश पाण्यात जरा जोरात खळबळायची एवढंच.

भेटायला येणारे म्हणायचे, आज रंग बरा दिसतोय हं. मास्तर हसायचे. ती माणसं गेली की बायकोला म्हणायचे, “रंगाचं मला सांगतात! लाली केव्हाच उडालीय. आता नुसती हिरवी माती राहिलीय.” बायको मात्र रोज उजाडलं की खिडकी उघडून आधी त्यांचे गाल बघायची. उशीचा वळ उठून एका गालावर तांबूस डाग दिसला तरी तिला चहा गोड लागायचा.

त्याच सुमारास एका चर्चचं काम आलं. क्रुसावरून उतरवलेला येशू आईच्या मांडीवर पडलाय, असं चित्र. वर्ख्या म्हणाला, “वहिनी, हे नको घ्यायला. दुसरीकडं पाठवू.”

“घ्यायचं,” खाटेवरून आवाज आला. “माझ्या डोळ्यांदेखत व्हायला पाहिजे. असलं तोंड ती अजून शिकलेली नाही.”

सोनं चढलं, आईचा निळा झगा झाला. मग बाईनं येशूचं तोंड घेतलं. मास्तर त्या दिवशी ग्लानीत होते. ती एकटीच खाली मान घालून बसली, हात आपोआप चालला. संध्याकाळी वर्ख्या मागं येऊन उभा राहिला आणि नुसताच डोकं खाजवू लागला.

“काय झालं भावजी?”

“काही नाही. छान झालंय की.”

“मग फळी इकडं वळव,” मास्तर जागे झाले होते. “दिवा धर.”

त्यांनी बराच वेळ बघितलं. वर्ख्याचा दिवा धरलेला हात अवघडला.

“मेलेल्याला लाली लावलीस तू.”

बाईनं फळीकडं पाहिलं आणि तेव्हा कुठं तिला दिसलं. आईच्या मांडीवर पडलेला तो मुलगा दुपारची डुलकी काढत असावा, असा गालांवर रंग. हाक मारली तर उठेल.

“हातानं केलं,” ती म्हणाली. “मी नाही.”

“मेलेल्याला लाली नसते गं. हिरवी माती, वरून पांढऱ्याचा एक हात, संपलं. पुसून टाक.”

“राहू दे की.”

“अंड्याचा रंग आहे. आज ओला आहे तोवर निघेल. एकदा धरला की फळी खरवडावी लागेल.”

“फोटो काय कुणी शेजारी धरून बघणार आहे का?” तिचा आवाज चढला. “राहू दे म्हणते ना! एकाच्या तरी तोंडावर राहू दे.”

वर्ख्यानं दिवा खाली ठेवला आणि चपला न घालताच बाहेर गेला.

मास्तर म्हणाले, “इकडं ये.” ती गेली नाही. मग त्यांनीच, श्वास गोळा करत, एकेक शब्द टाकला. “माझ्याकडं बघून काढ. मी आहे तोवर बघून घे. रोज सकाळी गालच बघतेस, ठाऊक आहे मला. आज सगळं बघ.”

तिनं खुर्ची खाटेला लावून बघितलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या खोबणीत, ओठांच्या कडेला. किती दिवस ती तिथं नजर जाऊच देत नव्हती. मग ओल्या फडक्याचा बोळा करून ती फळीकडं वळली. कपाळ, पापण्या, उजवा गाल. डावा गाल पुसताना ती थांबली. तिनं तोही पुसला. खाली उरलेल्या हिरव्यावर पांढऱ्याचा पातळ हात दिला.

“हां. आता गेला,” मास्तर म्हणाले.

बाई पदरात तोंड खुपसून बसली. मास्तरांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, “आईचं तोंड राहिलंय.”

“उद्या.”

“आत्ता कर. मला बघायचंय.”

तिनं हिरव्यावर लालीचा ब्रश टेकवला, तोही असा, की टेकला न टेकला.

“आणखी घे.”

“पुरे एवढी. असल्या बाईला कशाला हवी?”

“अगं, ती जिवंत आहे. भर.”

तिनं भरली. खाटेवरून पुन्हा आलं, “आणखी.”

ती भरत राहिली.