बिनफवारणीची वेल

सुलोचनाताई कांबळे स्वतःच्या हातांनी वाढवलेल्या कोवळ्या द्राक्षरोपांवर मुद्दाम रोग सोडायच्या. मी ते पहिल्यांदा पाहिलं तो जुलैतला एक रविवार होता. कोपरखैरण्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत दीडशेक रोपं होती. दावण्या रोगानं खालून पांढरी पडलेली पानं ताईंनी बादलीत चोळली आणि तेच पाणी सगळ्या रोपांवर शिंपडलं.

“अहो ताई, मरतील ना सगळी!”

“मरू देत की. जे मरत न्हाई, ते मला हवंय.”

महिन्याभरात अकरा उरली. ताई खुशीत होत्या.

रबाळ्याच्या एका कारखान्यात आम्ही दोघी प्रयोगशाळेत होतो. कारखाना बुरशीनाशकांचा. दिवसभर ताई औषधाचा कस तपासायच्या आणि घरी जाऊन, औषधच लागू नये अशी वेल घडवायला बसायच्या. मी एकदा त्यावरून चिडवलं, तर म्हणाल्या, “हितलं काम चोख करते की मी. पण माझी आई तासगावकडं लोकांच्या बागांत औषध मारायला जायची. त्या दिवशी आम्हा पोरांना जवळ यिऊ द्यायची न्हाई.” याहून जास्त त्या कधी बोलल्या नाहीत.

त्यांच्याकडे एक रानटी वेल होती. फळ आंबटढाण, पण रोगाला दाद न देणारी. तिच्या बाजरीएवढ्या कळ्यांची टोपणं चिमट्यानं काढायची, आतले पुंकेसर खुडायचे, मग गोड जातीचे पराग ब्रशनं टेकवून घडाला कागदी पिशवी बांधायची. एका घडावर अख्खी सकाळ जायची. पुढे बी, रोप, रोग आणि त्यातून वाचलं तर तीनेक वर्षांनी फळ. द्राक्षं सोडून बाकी सगळं पिकेल अशा या दमट हवेत हा उद्योग कशाला, असं मी विचारलं होतं.

“हितं रोगाला आवतण द्यावं लागत न्हाई. हितं टिकलं ते कुठंबी टिकंल.”

चौथ्या वर्षी त्या अकरांतल्या एका वेलीला घड लागला. द्राक्ष खरोखर गोड होतं. डबे हटवा म्हणून दोनदा नोटीस दिलेले सेक्रेटरीसुद्धा “अजून आहेत का?” म्हणत वर आले. ताईंचे डोळे भरून आले.

पुढच्याच पावसाळ्यात त्याच वेलीच्या पानांमागे पांढरे डाग दिसले. मी हळूच म्हटलं, “एकच फवारणी करू या. आपल्याच कारखान्याचं औषध. कुणाला कळणार?”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. “हिच्या भरवशावर जो फवारणीचा पंप इकून टाकंल, त्याला कळंल.”

आणि डब्याला पाय लावून, दोन्ही हातांनी ओढून त्यांनी ती वेल मुळासकट उपटली. एकसष्ट वर्षांची, हृदयाची शस्त्रक्रिया झालेली बाई. मी मदतीला पुढे झाले नाही. हातावरची माती धुऊन त्या म्हणाल्या, “चल, चहा टाकते. दुसरी एक हाय. आंबट हाय, पण खोटारडी न्हाई.”

त्या आंबट वेलीवर त्यांनी नवा संकर सुरू केला. फळ कधी येईल, असं मी विचारलं.

“चार-पाच वर्षं. मी असंन-नसंन.”

“मग कशाला एवढं?”

“वेलीला कुठं ठावं हाय माझं वय?”

नवी रोपं कमरेला लागली त्या हिवाळ्यात ताई गेल्या. रोगातून वाचलेले सात डबे मी टेम्पोत घालून करंजाड्याला, माझ्या इमारतीच्या गच्चीवर आणले. तिथेही त्यांच्यावर मी काही मारलं नाही. दोन पावसाळ्यांत चार वेली गेल्या, तीन राहिल्या. यंदा त्यातल्या एकीला पहिला घड आला. पानावर ठिपका नाही. द्राक्षाची साल जाड आहे, आत दोन बिया आहेत, आणि गोडी आधीच्या वेलीच्या निम्मीसुद्धा नाही.

मी बिया धुतल्या, रुजण्याआधी लागते ती थंडी मिळावी म्हणून ओल्या वाळूत घालून फ्रीजमध्ये ठेवल्या. येत्या उन्हाळ्यात मी चोपन्न वर्षांची होईन.