मापाचा शिधा

उमापूरहून चकलांब्याकडं निघालं की गावाबाहेर उजव्या हाताला धुळाजीचं घर लागतं. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं अंगण, आणि अंगणाला लागून काट्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा. सत्यभामा या घरात लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला चुलीपुढं बसवलं, आणि ती जागा मग तिचीच झाली.

सत्यभामाचा स्वयंपाक नाकावर चालायचा. चाखलेलं अन्न देवाला चालत नाही, असं तिच्या आईनं तिला लहानपणीच शिकवलं होतं, म्हणून शिजतंय त्यातला थेंबही ती जिभेवर घेत नसे. आमटीला उकळी आली की ती जराशी वाकायची, वाफ अंगावर घ्यायची आणि तिला कळायचं, मीठ किती हवं, हिंग कमी पडला का, डाळ अजून कच्ची आहे का. धुळाजी दिवसभर मेंढरामागं असायचा. संध्याकाळी येऊन ताटावर बसला की खाली मान घालून जेवायचा आणि उठायचा. बरं झालंय की वाईट, हे त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. मागून भाकरी घेतली म्हणजे आवडलं, एवढं ती समजून घ्यायची. सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं घेऊन ती चुलीपाशी जेवायची.

मागच्या हिवाळ्यात तिला ताप आला. तापानं ती पार गळून गेली. ताप उतरला, मागून खोकलाही गेला, पण नाक बंद पडलं ते पडलंच. सर्दी असेल म्हणून तिनं ओव्याची धुरी घेतली. मग एका सकाळी मेंढरांच्या वाड्यात लेंड्या झाडताना ती एकदम थांबली. वाड्याला वासच नव्हता. तिनं मूठभर लेंड्या उचलून नाकाशी धरल्या. काही नाही. घरात येऊन हिंगाची डबी उघडली. तीही तशीच, मातीच्या ढेकळासारखी.

तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगून करायचं काय, असं तिला वाटलं, आणि येईल चार दिवसांत, असंही वाटलं. ती अंदाजानं शिजवू लागली. एक दिवस मुलगा हरिओम म्हणाला, "माय, मीठ दोनदा पडलं का गं?" दुसऱ्या दिवशी मीठच नव्हतं. देवाला हात जोडून तिनं चाखूनही बघितलं, तर जिभेला नुसतं आंबट तेवढं कळे, बाकी सगळं चोथा. धुळाजी मात्र काहीच बोलला नाही. तो फक्त मागून भाकरी घेईना झाला.

सून बबिता गेवराईला एका खासगी दवाखान्यात नर्स होती. सकाळच्या जीपनं जायची, दिवेलागणीला यायची. एका संध्याकाळी तिनं घराचं दार ढकललं आणि ती उंबऱ्यावरच गुदमरली. घर गॅसनं भरलेलं होतं. शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं, आणि त्याच खोलीत सत्यभामा शांतपणे मेथी निवडत बसलेली. शेजारी काड्यापेटी. अंधारून आलं होतं, आता उठून दिवा लावावा, या विचारात ती होती.

बबितानं तिला दंडाला धरून ओढतच अंगणात आणलं. "आत्याबाई, वास आला न्हाई तुमाला?"

सत्यभामानं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मला कशाचाच येत न्हाई, पोरी. लई दिवस झाले."

हरिओम तिला बीडला दाखवून आला. डॉक्टर म्हणाले, तापानं वासाच्या नसा दुखावल्यात. येईल परत, पण कधी ते सांगता यायचं नाही. कुणाकुणाचा येतच नाही.

त्या दिवसापासून हरिओमनं आईला शेगडीपाशी जाऊ दिलं नाही. त्याची भीती खरी होती, त्याला बोल लावता येत नाही. भाकऱ्या तेवढ्या ती अंगणातल्या चुलीवर थापायची, कारण भाकरीला हात लागतो, नाक लागत नाही. बाकीचा स्वयंपाक दवाखान्यातून दमून आलेली बबिता करायची. सत्यभामा दाराशी बसून राहायची. तिचं खाणं कमी झालं, बोलणं कमी झालं, गळ्याची हाडं वर आली. बबिता एकदा नवऱ्याला म्हणाली, "आत्याबाई चुलीपुढून उठल्या आन् घरातूनच उठल्यावाणी झाल्यात."

दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर घरी एक डबा मागवत. गेवराईत वनमाला नावाची बाई दोन-तीन बायकांना हाताशी धरून ते काम करायची. एका वेळच्या जेवणाचा कोरडा-ओला शिधा ती बांधून द्यायची. भाजी चिरलेली, डाळ भिजवलेली, मसाला, तेल, मीठ, सगळं मोजून वेगवेगळ्या पुड्यांत, आणि वर एक कागद, कशानंतर काय टाकायचं त्याचा. शिजवायचं मात्र आपण. नोकरी करणाऱ्या घरांसाठी तिनं हे काढलं होतं. बबिताच्या मनात आलं, ज्याला अंदाज राहिला नाही त्याच्याही हे कामाचं आहे.

उमापुरात तीन घरं डबा घेत, दोन मास्तरांची आणि एक बँकेतल्या माणसाचं. चौथं घर धुळाजीचं झालं. दुपारच्या जीपनं डबा यायचा आणि सत्यभामा थांब्यावर जाऊन तो घेऊन यायची.

पहिल्या दिवशी भरली वांगी होती. तिनं अंगणात चुलीजवळ पुड्या मांडल्या. सगळ्यात लहान पुडीत मीठ होतं. ती पुडी तळहातावर घेऊन ती बराच वेळ बसली. मीठ मोजून द्यावं ते सावत्र घरात, असं तिच्या माहेरी म्हणत. चौथीपर्यंत शिकलेली होती, बोट ठेवून ठेवून तिनं कागद वाचला आणि कागद सांगेल तसं केलं. तेल तापलं ते दिसलं, मोहरी उडाली ती ऐकू आली. वांगी शिजली ती काडीनं टोचून बघितली. वाफ वर आली तेव्हा सवयीनं ती वाकली, आणि तशीच मागं सरली.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. सत्यभामा वाढत होती. कुणी काही बोलेना.

"कसं झालंय?" तिनं विचारलं.

"चांगलं झालंय, आत्याबाई," बबिता म्हणाली.

तिनं नवऱ्याकडं बघितलं. धुळाजी म्हणाला, "हाय की."

सत्यभामानं हातातली पळी खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही. "हाय की म्हंजी काय? जलमभर तुमी ताटावर मुकं बसलात. मी काय म्हनले का कवा? मला वास सांगत हुता, तुमच्या तोंडाची गरज न्हवती. आता माझं नाक मेलं. आता तुमी बी मुकं बसलात तर मला कळावं कसं? मी आंधळ्यावाणी रांधते. मला सांगा तरी, काय खाल्लंत ते."

धुळाजी ताटाकडं बघत होता. त्यानं उरलेली भाकरी मुकाट्यानं संपवली, हात धुतला आणि वाड्याकडं निघून गेला. सत्यभामा त्या दिवशी जेवली नाही.

सकाळी शेळीची धार काढताना धुळाजी खाली मान घालूनच बोलला. ती चरवी घेऊन जवळ उभी होती.

"रातची वांगी गोड हुती. गूळ लई पडला हुता. आन् मसाला वरच राह्यला, आत शिरला न्हाई. हलकी सर येऊन गेल्यावर माती वर भिजती आन् खाली कोरडी राहती, तसं."

तिनं चरवी खाली ठेवली. "मंग जाळ कमी करून जरा येळ झाकून ठेवाया पायजे हुतं."

"ते मला काय मालूम," धुळाजी म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तू रातच्याला जेवली कावून न्हाई?"

त्या संध्याकाळी तिनं आपलंही ताट त्यांच्याबरोबर वाढून घेतलं. या घरात तसा रिवाज नव्हता. धुळाजीनं घास घेतला, सावकाश चावला आणि जड ओझं उचलल्यासारखं बोलला, "डाळ बरी हाय. तिखट मागून येतंय. आधी कळत न्हाई, गिळल्यावर कळतंय."

मग रोज तसंच होऊ लागलं. बोलणं त्याला जड जायचं, पण तो बोलायचा. त्याच्याजवळ शब्द होते ते सगळे रानातले. भाजी जून पाल्यासारखी लागते, शेळी तोंड लावून सोडून देते तशी. गवार निबर झालीय. कालवणात पाणी वेगळं आणि डाळ वेगळी, दोघांची गाठ पडलेली नाही. हरिओम आणि बबिताही भर घालत. सत्यभामा ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी कागदातलं थोडं बदलायची. वनमालाच्या पुड्या शहरी तोंडाच्या होत्या, तेव्हा साखर-गूळ ती बाजूला काढायची आणि घरचं काळं तिखट चिमटीनं टाकायची. मीठ मात्र पुडीतलं तेवढंच. वनमालाच्या मापावर तिचा विश्वास बसला होता. एकदा तिनं फोन करून तिला सांगितलंही, "बाई, तुमचं मीठ कवा चुकत न्हाई."

चार महिन्यांनी एका दुपारी ती डब्यातला कांदा परतत होती आणि तिला वास आला. नाकात काहीतरी हललं आणि ती उभीच राहिली. पण तो वास कांद्याचा नव्हता. ओढ्यात मेंढरू मरून फुगल्यावर येतो तसा होता. तिनं कढई उतरवली आणि धुळाजीला हाक मारली. "वाड्यात बघा. एखादं मेलंय."

धुळाजीनं सगळा वाडा पालथा घातला. कुंपणाच्या बाहेरही फिरून आला. मेलेलं काही नव्हतं. तिनं पुन्हा कढई चढवली आणि तिला ओकारी आली. कांदाच होता. दुसऱ्या दिवशी लसणाचं तेच झालं.

बबितानं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नसा जाग्या व्हायला लागल्या की असं होतं, चांगल्याचं वाईट भासतं, हे बरं होण्याचंच लक्षण समजा. सत्यभामाला ते पटलं नाही. "नाक न्हवतं ते बरं हुतं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच सुनेसमोर रडली. इतके दिवस ती वाटेला डोळे लावून बसली होती, आणि परत आलं ते हे.

बबितानं वनमालाला कळवलं. तिनं उमापूरच्या त्या एका डब्यातून कांदा-लसूण काढून टाकला. हरिओमनं घरातली कांद्याची गोणी वाड्यापलीकडच्या खोपीत नेऊन ठेवली. धुळाजीला भाकरीबरोबर कच्चा कांदा लागायचाच, म्हणून नाक पदरानं दाबून ती त्याच्या शिदोरीत एक कांदा बांधायची. तो कांदा रोज तसाच परत येऊ लागला.

"खात कावून न्हाई?" तिनं विचारलं.

"तोंडाला वास राहतो," धुळाजी म्हणाला. "तू आता शेजारी बसतीस जेवायला."

त्यानंतर तिनं शिदोरीत कांदा बांधला नाही. त्याऐवजी जवसाची चटणी बांधू लागली.

उन्हाळा सरता सरता दोन्ही मास्तरांच्या बदल्या झाल्या. उमापूरला दोनच डबे उरले. वनमालाचा फोन आला. तिला बोलताना अवघड होत होतं. "बाई, दोन डब्यांसाठी एवढ्या लांब माल पाठवणं जमंना झालंय. ह्या आठवड्यापासून बंद करते. तुमचं लई वाईट वाटतंय मला."

"वाईट वाटून घिऊ नका," सत्यभामा म्हणाली. "तुमी मला पुन्हा चुलीपुढं बसवलं."

फोन ठेवल्यावर मात्र तिला धास्ती वाटली. शेवटचा डबा संपला. दुसऱ्या दिवशी बबिता म्हणाली, "मी लवकर येऊन करते." सत्यभामानं नको म्हणून सांगितलं. तिनं घरच्या डब्यातलं मीठ ताटलीत ओतलं, वनमालाच्या पुडीएवढं डोळ्यांनी वेगळं केलं, त्यातलं थोडं मागं घेतलं, पुन्हा टाकलं. तुरीचं वरण आणि शेपूची भाजी केली. शेपूत मीठ जास्त झालं. तसं तिघांनी तिला सांगितलं आणि दही कालवून भाजी खाल्ली. पुढच्या वेळी ते तितकं झालं नाही.

वास अजून नीट आलेला नाही. लसणाचा वास आता मेलेल्या मेंढरासारखा येत नाही, पण लसणासारखाही येत नाही. तो भिजलेल्या पोत्यासारखा येतो, असं ती सांगते. ती स्वतः जेवते ते दही-भात आणि चिंचेचं सार. आंबट तेवढं तिला खरं लागतं. गळ्याची हाडं अजून दिसतात. गॅसची शेगडी बबिता घरात असेल तेव्हाच पेटते, हा हरिओमचा नियम तिनं मोडलेला नाही.

यंदा सुगीनंतर धुळाजी मेंढरं घेऊन गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठानं गेला. मळ्यामळ्यांत खतासाठी मेंढरं बसवायची, म्हणजे दीड-दोन महिने घरी येणं नाही. रविवारी हरिओम मोटारसायकलवर जाऊन त्याला डबा देऊन आला. संध्याकाळी फोन वाजला. मागं मेंढरांचा आवाज येत होता.

"पोचला का डबा?" सत्यभामानं विचारलं.

"पोचला. जेवलो." तो म्हणाला. "शेंगदाण्याचा कूट कच्चा राह्यला गं. दाणं अजून भाजाया पायजे हुतं. बाकी मीठ बराबर हाय. तिखट बी बरं हाय. थंडगार झालतं, तरी ग्वाड लागलं."

"दाणं करपतील म्हून लवकर उतरवलं. करपल्याचा वास मला कुठं येतोय."

"आवाज ऐकत जा. तडतड थांबली की उतरवायचं. तूच एकदा बबिताला सांगत हुतीस."

"बरं," ती म्हणाली. "पुढल्या ऐतवारी काय पाठवू?"

धुळाजीनं विचार केला. एवढ्या संसारात हा प्रश्न तिनं त्याला विचारला नव्हता, आणि त्यालाही उत्तर देण्याची सवय नव्हती.

"हुलग्याचं माडगं कर," तो म्हणाला. "पेजंवाणी पातळ नगं, घट कर जरा. हिकडं रातच्याला गारठा लई हाय."

सत्यभामानं फोन बबिताच्या हातात दिला आणि हुलगे कुठल्या मडक्यात ठेवलेत ते बघायला ती आत गेली.